नऊ नंबरचा कॅमेरा आणि रिकामी भिंत

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा जेवताना, करमणूक म्हणून वाचतो. आजवरच्या वाचनातून माझा असा निष्कर्ष निघाला होता की भूत सांगणाऱ्याला कधीच दिसत नाही. ते त्याच्या आतेभावाच्या मित्राला दिसतं, आणि तो मित्र हल्ली दुबईला असतो. भानामती, बाहेरची बाधा, अमुक झाडाखालून जाऊ नये... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आज आहे का? ते तुम्हीच ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लिहायचं कारण एवढंच की हा अनुभव मला स्वतःला आलेला आहे – भर दुपारी, लख्ख उन्हात, आणि तेही कम्प्युटरच्या पडद्यावर. यात पिंपळ नाही, अमावस्या नाही, पांढरी साडी नाही. आहे ती एक चुना मारलेली भिंत.

साल दोन हजार सहाच्या आसपासचं. वर्ध्यात माझं कम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचं दुकान होतं. आजच्यासारखे कॅमेरा रेकॉर्डरचे तयार डबे तेव्हा आमच्याकडे सहजी मिळत नसत. साधा कम्प्युटर घ्यायचा, त्यात कॅप्चर कार्ड खोचायचं, कार्डाच्या मागे शेपटांसारख्या लोंबणाऱ्या केबलींना कॅमेरे जोडायचे, की झाला रेकॉर्डर. पुलगावहून नाचणगावकडे जाताना लागणाऱ्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीत असाच एक रेकॉर्डर बसवला होता. मालकाला मी इथे मदनशेठ म्हणतो. मारवाडी घराणं, तीन पिढ्यांपासून कापसाचा व्यापार, माणूस तसा वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन केल्याशिवाय त्याला ती आपली वाटत नसे. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, नव्या वजनकाट्याचं उद्घाटन. कॅमेऱ्यांच्या उद्घाटनाला तर मांडव होता, फीत होती, स्थानिक पुढाऱ्याचं भाषण होतं, आणि त्या भाषणात 'आपला पुलगाव आता सिंगापूर' असं वाक्य होतं, असं मला नंतर मॅनेजर वानखेडेबाबूंनी सांगितलं.

सिंगापूर पंधरा दिवस चाललं. मग चित्र अडकायला लागलं. कॅमेरे बसवणारा नागपूरचा माणूस फोन उचलेना, तेव्हा मला बोलावणं आलं.

"देखो साहेब," मदनशेठ म्हणाले, "माणूस गेटातून आत येते, मंग गायब होते, आणि डायरेक्ट ऑफिसच्या दारात निघते. चालते की उडते, काही समजत नाही. मला पिक्चर कसं पाहिजे? एकदम मक्खन."

पहिल्या फेरीत मी कम्प्युटरचा डबा पाहिला आणि मला वाटलं, काम झालं. डब्याच्या मागच्या पंख्यावर झेंडूची वाळलेली माळ घट्ट बांधलेली होती. पुढच्या जाळीत कुंकू आणि अक्षता. वर नारळाच्या पाण्याचा सुकलेला ओघळ.

"हे कोणी केलं?"

"पूजा केलती ना जी," वानखेडेबाबू म्हणाले. "लक्ष्मीपूजनाले. मशीन हाये शेवटी."

"अहो, पण मशीनचं नाक बांधून कोणी पूजा करतं का? श्वास कुठून घेईल ते?"

"मंग माळ कुठी बांधाची?"

मी माळ काढली, आत फुंकर मारली, अक्षता वेचल्या, सगळं स्वच्छ केलं. गरम होणं थांबलं. चित्र मात्र अडकतच राहिलं. जिथे झेंडू हे कारण नसतं तिथे खरं काम सुरू होतं.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. असं कार्ड सेकंदाला ठरावीकच चित्रं घेऊ शकतं, आणि ती सगळ्या कॅमेऱ्यांत वाटून द्यावी लागतात. पंगतीत जिलबी कमी असली की वाढपी काय करतो? ज्याचं पान हलतं त्याला वाढतो, जो गप्प बसलाय त्याच्यापुढून सरळ निघून जातो. हे कार्डही तसंच. ज्या कॅमेऱ्यात हालचाल दिसेल त्याला भराभर चित्रं, बाकीच्यांना उरलीसुरली. म्हणजे एखाद्या कॅमेऱ्यापुढे सतत काही हलत असेल तर तो एकटाच सगळी जिलबी खातो, आणि बाकीच्या कॅमेऱ्यांत माणसं उडायला लागतात.

मी हालचाल दाखवणारी सोय चालू केली. चित्रावर बारीक चौकटींची जाळी येते आणि जिथे हलतं तिथल्या चौकटी हिरव्या होतात. गेटवर हिरव्या, काट्यावर हिरव्या – बरोबर आहे, तिथे माणसं होती. आणि नऊ नंबरला हिरव्या. अखंड.

नऊ नंबरला काय होतं? एक भिंत.

"बाबू, हा कॅमेरा भिंतीकडे तोंड करून का उभा आहे? शिक्षा केलीय का याला?"

वानखेडेबाबू जरा ओशाळले. खरं म्हणजे हा कॅमेरा आवारातल्या कापसाच्या गंज्यांवर नजर ठेवायला घेतला होता. गंज्या आवाराच्या दक्षिण अंगाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेठजींनी नागपूरहून वास्तुवाले पंडितजी आणले, आणि पंडितजींनी हुकूम काढला – दक्षिण ही यमाची दिशा, मालकाच्या कुठल्याही नजरेने दक्षिणेकडे बघू नये. झालं. खांबावरचा कॅमेरा तिथल्या तिथे उलटा फिरवला. आता तो उत्तरेला, पूर्वी गाठी दाबायच्या जुन्या बंद प्रेसघराच्या भिंतीकडे बघत होता. लाखोंचा कापूस पाठीमागे, आणि पहारा चुन्यावर.

भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लोखंडी कंस, त्यावर आवारातल्या वाटेवरून आडवी येऊन थांबलेली विजेची जुनी तार, बस. पण भिंतीच्या मधोमध जरा उजवीकडे, जमिनीपासून माणसाच्या उंचीएवढ्या चौकटी हिरव्या होत, विझत, परत हिरव्या होत. कोणीतरी बराच वेळ उभं राहून या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा, तसं.

मी ठरवलं की कारण सापडल्याशिवाय पुलगाव सोडायचं नाही. म्हणजे संध्याकाळच्या गाडीने सोडायचं, पण सकाळी परत यायचं.

वाऱ्याने काही हलतं का? भिंतीजवळ गवताची काडी नव्हती. पाल, किडे? काच पुसली, भिंत झाडली. केबलमध्ये कचरा सिग्नल? नवी केबल ओढली. लोडशेडिंग होतं, दिवसातला मोठा भाग कम्प्युटर इन्व्हर्टरवर चालायचा, तेव्हा इन्व्हर्टरचा दोष? लाईट असताना पाहिलं, नसताना पाहिलं, तेच. मग कार्डावरच्या जागा बदलल्या – नऊचा कॅमेरा चारला, चारचा नऊला. हिरव्या चौकटी कॅमेऱ्याबरोबर गेल्या. मला आनंद झाला, म्हणजे कॅमेराच खराब. तो उतरवला, नवा चढवला. नव्या कॅमेऱ्यात त्याच जागी, तेवढ्याच उंचीच्या चौकटी. उतरवलेला कॅमेरा ऑफिसात लावून पाहिला तर अगदी गुणी बाळ.

म्हणजे दोष कार्डात नाही, केबलीत नाही, कॅमेऱ्यात नाही. उरली काय, ती जागा.

मग मी तो मूर्खपणा केला जो अशा वेळी प्रत्येक शहाणा माणूस करतो. स्वतः जाऊन भिंतीजवळ उभा राहिलो. वानखेडेबाबूंना ऑफिसात पडद्यासमोर बसवलं आणि मोबाईल कानाला लावला.

"बाबू, मी हलत नाही. काय दिसतंय?"

"तुम्ही दिसून राह्यले."

"चौकटी?"

"तुमच्यावर नाई. तुम्ही एकदम दगडावानी उभे हा."

"छान. म्हणजे बंद झालं ना?"

मग बाबूंचा आवाज जरा खाली आला. "नाई जी... तुमच्या बाजूले हिरवं हाये. डाव्या हाताले. तुम्ही जसे उभे हा ना, तेवढ्याच उंचीचं."

मी डावीकडे पाहिलं. चुना. ऊन. माझी सावली उजवीकडे पडली होती, डावीकडे तर तीही नव्हती.

"सर, या ना तुम्ही इकडे," बाबू म्हणाले. "माह्यानं पाहवत नाई."

मी घाबरलो का? नाही. मला राग आला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनचा दोष काढला, त्याला एक भिंत दाद देईना! मी ऑफिसात आलो आणि जे पहिल्याच दिवशी करता आलं असतं ते केलं – नऊ नंबरची हालचाल-नोंद आणि रेकॉर्डिंग दोन्ही बंद करून टाकलं. चित्र ताबडतोब मक्खन झालं. गेटातून येणारा माणूस पावलागणिक दिसायला लागला. मदनशेठ खूश. मला शाल आणि नारळ देण्याचा बेत होता, तो मी हातापाया पडून टाळला.

पण समाधान नव्हतं. रोग्याला गप्प केलं म्हणजे रोग बरा होत नाही.

पुढच्याच आठवड्यात बाबूंचा फोन आला. "सर, लवकर या. गंजीले आग लागलती काल."

जिनिंगमध्ये आगीइतका भीतीचा दुसरा शब्द नाही. सुदैवाने एकच गंजी जळली, नगरपालिकेचा बंब वेळेत आला, जिवाला कोणाच्या धक्का नाही. दुपारी उन्हं कलताना लागली होती. मी पोचलो तेव्हा आवारात ओल्या जळक्या कापसाचा घुसमटणारा वास, आणि ऑफिसच्या पायरीवर एक बाई बसलेली. गिरजाबाई. गेटाबाहेर शेगडीवर चहा करायची आणि कापूस निवडणाऱ्या बायांना, काट्यावरच्या माणसांना किटलीतून आत नेऊन द्यायची. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी, आणि हाच धंदा. मीही तिचा चहा महिनाभर प्यालो होतो. साखर जास्त, पण उकळी इमानदार.

आत शेठजी, त्यांचा पुतण्या निलेश आणि वानखेडेबाबू. शेठजींनी मला पडदा दाखवला.

"पाहा. पाच नंबर."

पाच नंबर आवारातल्या वाटेवर बघायचा, आणि त्याच्या कडेला ती गंजी थोडी दिसायची. चित्र पुन्हा अडकत होतं. एका चित्रात गिरजाबाई गंजीजवळून चालली आहे, हातात काहीतरी, त्यातून धुरासारखं वर जातंय. मग चित्र गोठलं... आणि पुढचं चित्र आलं ते गंजीतून धूर निघालेला. मध्ये काहीच नाही. वाटेवर दुसरं कोणी नाही.

"शेगडी घेऊन आत आली ती," निलेश म्हणाला. "क्लिअर दिसतं. पोलिसात नाव द्यायचं, बस. साहेब, तुम्ही फक्त हे जरा साफ करून द्या, तिचा चेहरा यायला पाहिजे."

दारातून गिरजाबाईचा आवाज आला. ती उठून उंबऱ्याशी आली होती. "शेगडी नाई जी, किटली होती! वाफ हाये थे. मी काऊन शेगडी आत आनन? मले मालूम नाई का कापूस कसा पेटते? माह्या पोरी हायेत, मी का येडी हाओ?"

"बाई, कॅमेरा झूठ बोलते का?" शेठजी म्हणाले.

"कॅमेऱ्याले कोन इचारलं, त्यानं काय पाह्यलं थे? भाऊ," ती माझ्याकडे वळली, "तुम्ही सांगा ना. तुम्हाले समजते. माह्या हातात किटली होती की नाई?"

मला खरं उत्तर द्यावं लागलं. एवढ्या धुरकट चित्रात किटली आणि शेगडी वेगळी काढता येत नाही. आणि जी चित्रं घेतलीच गेली नाहीत, ती कोणीही परत आणू शकत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा आहे," शेठजी म्हणाले. "काय होईल तेवढं करा."

पोलिसात नाव गेलं असतं तर गिरजाबाईचं काय झालं असतं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आग लावणारी बाई म्हणून पुलगावात एकाही गेटावर तिला उभं केलं नसतं. मी बाबूंना म्हटलं, मला दुपारभर एकटं सोडा. दार लावून घेतलं आणि त्या गोठलेल्या चित्राकडे बघत बसलो.

चित्र अडकलंच का? नऊ नंबर तर मी बंद केला होता. माळ कोणी बांधली नव्हती, मशीन थंड होतं. मग त्या वेळेला पाच नंबरची जिलबी खाल्ली कोणी? कार्ड काही उपाशी राहत नाही, ते चित्रं घेतच असतं. पाचला दिली नाहीत म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी दिली. मी एकेका कॅमेऱ्याचं त्या वेळचं रेकॉर्डिंग काढत गेलो. गेट – अडकलेलं. काटा – अडकलेलं. सगळे उपाशी.

आणि नऊ नंबरला फाईल होती.

मी बंद केलेला नऊ नंबर. त्यात त्या दुपारचं रेकॉर्डिंग होतं, आणि ते मक्खन होतं. एकही चित्र गळलेलं नाही.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, लोडशेडिंगने कम्प्युटर धाडकन बंद पडला असेल, चालू होताना जुनी सेटिंग परत आली असेल. मीही तेच म्हटलं. पण नऊ बंद केला त्या दिवशी मी इतर कॅमेऱ्यांच्याही सेटिंग बदलल्या होत्या, त्या जशाच्या तशा होत्या. परत आली होती ती फक्त नऊची. असो.

मी फाईल लावली. भिंत. कलतं ऊन. काही नाही, काहीच नाही, आणि तरी कार्ड भराभर चित्रं घेतंय. मग डावीकडून भिंतीवर सावली सरकत आली. मोठी, वर फुगलेली – कापसाने नको तितकी भरलेली ट्रॉली. ट्रॉली कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या वाटेने जात होती, म्हणून ती स्वतः दिसत नव्हती. पण ऊन दक्षिणेकडून तिरपं येत होतं आणि सावली थेट भिंतीवर पडली होती. सावली पुढे सरकली, आणि वरच्या कोपऱ्यातल्या कंसावरची तार एकदम ताणली गेली. थरथरली. कंसाशी पांढरं लखकन चमकलं. आणि तार तुटून चित्राबाहेर गेली – गंजीच्या बाजूला.

तुटलेली तार आगीनंतर सगळ्यांनी पाहिली होती. सगळ्यांना वाटलं, आगीने तुटली.

चित्रावर वेळ होती. पाच नंबरमध्ये गिरजाबाई गंजीजवळ दिसते ते ट्रॉलीच्या आधीचं. ट्रॉली आली आणि गेली ती नेमकी पाच नंबरच्या गोठलेल्या वेळात. तिला दोषी धरणारं चित्र आणि तिला सोडवणारं चित्र, दोन्ही एकाच कारणाने तयार झालेली.

मी शेठजींना आणि निलेशला आत बोलावलं. गिरजाबाईलाही. निलेश म्हणाला, "तिला कशाला?" मी म्हटलं, "तिचाच सिनेमा आहे."

"भिंतीचा काय पिक्चर पाहायचा साहेब?" शेठजी बसता बसता म्हणाले.

सावली सरकली. तार ताणली. शेठजींनी पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर ते पडद्याकडे नाही, पुतण्याकडे बघत होते.

"काल दुपारी ट्रॉली कोणाची आलती?"

"काका, सावलीवरून काय–"

"निलेश. मी विचारून राह्यलो, ट्रॉली कोणाची?"

"...आपलीच. पण ड्रायव्हर म्हणला काही लागलं नाही म्हणून."

"म्हणजे त्याने तुला सांगितलं होतं," मी म्हटलं, "की काही लागलं नाही. कोणी विचारलं नसताना?"

शेठजी मनात काय मोजत होते ते मला दिसत होतं – घरची ट्रॉली, घरची चूक, आणि फाईल पुसायला एक बटण पुरेसं. मी वाट पाहिली नाही. सीडी आधीच लिहून खिशात ठेवली होती, तसं सांगून टाकलं. वर हेही म्हटलं की शेठजी, तुमच्या आवारात बाईने शेगडी फिरवली असं तुम्हीच लिहून दिलंत, तर विमावाला पहिला प्रश्न तुम्हालाच विचारेल की आत शेगडी जाऊ दिली कोणी? तारेचं लिहिलंत तर तो अपघात. शेठजींच्या चेहऱ्यावर हळूहळू सत्याबद्दल आदर उमटला. सत्याला असा व्यवहारी पाठिंबा मिळाला की ते लवकर पटतं.

रिपोर्टात तार गेली. गिरजाबाईचं नाव कुठेही गेलं नाही.

ही झाली सांगण्याजोगी गोष्ट. आता न सांगण्याजोगी.

सगळे गेल्यावर मी ती फाईल पुन्हा लावली, आणि रेकॉर्डिंगमध्ये हालचाल शोधायची सोय चालू केली. ट्रॉलीची सावली यायच्या बऱ्याच आधीपासून त्या जागी, त्या उंचीवर, चौकटी हिरव्या होत होत्या. म्हणूनच कार्ड नऊला चित्रं देत होतं. म्हणूनच सावली आणि तार एवढी स्पष्ट आली. नुसत्या सावलीने हालचाल सुरू झाली असती, तर पहिले काही क्षण गळले असते, आणि त्या काही क्षणांतच सगळं घडून गेलं होतं.

तार तुटल्यावर त्या चौकटी हलल्या. महिनाभर एका जागी असलेल्या चौकटी, एकामागून एक, उजवीकडे सरकत गेल्या. तार पडली त्या दिशेने. चित्राच्या कडेपर्यंत. मग बाहेर.

आगीकडे धावणाऱ्या माणसांच्या सावल्या, म्हणाल. मी भिंगाने पाहावं तसं एकेक चित्र थांबवून पाहिलं. माणसांच्या सावल्या नंतर येतात, आणि त्या दिसतात. आधीच्या चौकटींत चुन्याशिवाय काही नाही.

त्यानंतर नऊ नंबरला भिंतीवर एकही चौकट हिरवी झाली नाही. मी मुद्दाम हालचाल-नोंद चालू ठेवली, दिवसच्या दिवस पाहिलं. काही नाही. मी दुरुस्त काहीच केलं नव्हतं, आणि चित्र अडकणं थांबलं ते कायमचं.

मी चौकशीही केली. पहिल्यांदाच आयुष्यात, कोणाला हसू येणार नाही अशा बेताने, विचारत फिरलो – त्या प्रेसघरात पूर्वी कोणी मेलं होतं का? अपघात? भांडण? जुन्या बायांना विचारलं, निवृत्त फिटरला नाचणगावात घरी जाऊन गाठलं. काही नाही. इतकं जुनं जिन आणि एकही मुडदा नाही! माझी तर निराशाच झाली. नीट एखादी दंतकथा मिळाली असती तर मी ती नाकारून मोकळा झालो असतो. इथे नाकारायलाही काही नव्हतं.

शेवटी शेठजींनी पंडितजींची दक्षिण बाजूला ठेवून कॅमेरा गंज्यांकडे फिरवायला सांगितलं. मी खांबापाशी शिडी लावली तेव्हा गिरजाबाई किटली घेऊन आली. कपात चहा ओतला. मला राहवलं नाही. तिला पडद्यावर जे दिसलं होतं ते सगळं सांगितलं, चौकटी, उंची, सरकणं, सगळं. म्हटलं, "गिरजाबाई, तुम्ही रोज इथून जाता. इथे कोणी उभं असायचं का?"

ती भिंतीकडे बघत राहिली. "नाई भाऊ. कोनीच नाई."

"मग?"

"मंग काय? त्या दिवशी मी तुम्हा साऱ्यांच्या पाया पडत होती, किटली हाये म्हनून. कोनी पाह्यलं नोतं. एका जनानं पाह्यलं." तिने कप परत घेतला. "कोनं पाह्यलं थे तुम्ही इचारत बसा. मले नाई इचाराचं."

आणि ती काट्यावरच्या माणसांना चहा द्यायला निघून गेली.

मी मात्र विचारत बसलो आहे. ती सीडी अजून माझ्याकडे आहे, आता ती लावायला चालू ड्राइव्ह मिळणं मुश्किल. जाणकारांना दाखवली, सिग्नलमधला कचरा, उष्णतेने हलणारी हवा, चुन्यावरची चमक, सगळे तर्क ऐकले. प्रत्येक तर्क चौकटी का हिरव्या झाल्या ते सांगतो. त्या माझ्या डाव्या हाताला का उभ्या होत्या, आणि तार तुटल्यावर तिकडेच का गेल्या, ते एकही सांगत नाही. इथल्या कोणाला सांगता आलं तर जरूर लिहा. फक्त ते आतेभावाच्या मित्राचं नको.